शेवटचा दीड मीटर

नानांच्या घरी कॅरम बोर्ड आहे, पण सोंगट्या नाहीत. म्हणजे आहेत, पण त्या वायरीखाली आहेत.

अँप्लिफायरपासून दोन्ही स्पीकरपर्यंत भिंतीच्या कडेनं अंगठ्याएवढी जाड, जांभळ्या जाळीचं कव्हर घातलेली तार जाते. ती जमिनीला टेकली की आवाज ‘बसतो’, असं नानांना कुणीतरी सांगितलं. परदेशात म्हणे त्यासाठी चिनी मातीचे खास ठोकळे मिळतात. नानांनी त्या ठोकळ्यांची किंमत विचारली आणि घरी येऊन मुकाट्यानं सोंगट्या काढल्या. उजव्या तारेखाली नऊ काळ्या, डाव्या तारेखाली नऊ पांढऱ्या, तीन-तीनच्या चळती. राणी कुठे गेली म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, “तिला सीडी प्लेयरखाली दिलीय. तिथं नाजूक काम असतं.” काकू केर काढताना त्या चळतींना वळसा घालते. रस्त्यात बसलेल्या गाईला आपण घालतो तसा. राग नाही, कौतुकही नाही.

नाना माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. राहायला डोंबिवली पूर्व. तुमच्याही नात्यात असे एक नाना असणार. तुमच्या नानांची श्रद्धा तारेऐवजी इंजिन ऑइलवर, कमरेच्या गादीवर किंवा पाण्याच्या फिल्टरवर असेल, एवढाच फरक. घरात नवी वस्तू आली की तिच्यापेक्षा तिच्यासोबत काय घ्यायला हवं, यात ही माणसं जास्त रमतात.

गंमत अशी की नानांचा सगळा जन्म तारांतच गेला. वीज मंडळात चौतीस वर्षं नोकरी. उमेदीच्या काळात मुरबाड-शहापूरकडे खांब उभे केले, तारा ओढल्या. त्या खात्यात तारांना प्राण्यांची नावं असतात: वीझल, रॅबिट, डॉग. बाहेर अॅल्युमिनियमचे पदर आणि पोटात पोलादाची तार. लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर काकूनं रोज संध्याकाळी “आज दुपारपर्यंत ससा ओढला, उद्या कुत्रा ओढायचाय” अशी वाक्यं ऐकली आणि हे माहेरी कळवावं की नाही, या विचारात ते वर्ष काढलं.

या माणसानं निवृत्तीनंतर साडेआठ हजारांची पॉवर कॉर्ड आणली. दीड मीटर. भिंतीतल्या सॉकेटपासून अँप्लिफायरच्या पाठीपर्यंत. मी म्हटलं, “नाना, वीज कोयनेहून आली असं धरा. वाटेत सगळं अॅल्युमिनियम, त्यातलं थोडं तुम्हीच ओढलेलं. मग सबस्टेशन, मग नाक्यावरचा ट्रान्सफॉर्मर, मग तुमच्या बिल्डिंगचा तो गंजका मीटर बॉक्स, मग भिंतीतली वायर. एवढं सगळं झाल्यावर हा शेवटचा दीड मीटर काय सुधारणार?”

नानांनी चष्मा पुसला. “गंगा हिमालयातून येते. वाटेत काय काय मिसळतं तिच्यात. म्हणून घरातला तांब्या घासायचा नाही?”

मी तीन दिवस उत्तर शोधलं. चौथ्या दिवशी सुचलं, की तांब्या घासल्यानं गंगा स्वच्छ होत नाही. पण तोवर नाना तांब्यावरून तांब्याकडे, म्हणजे भांड्यावरून धातूकडे वळले होते. त्यांना आता ‘ऑक्सिजन-फ्री’ तांबं हवं होतं. साधं विजेचं तांबं ९९.९ टक्के शुद्ध असतं आणि हे खास म्हणवणारं ९९.९९ टक्के. वीज वाहून नेण्यातला फरक जेमतेम एक टक्का. वायर बोटभर कमी वापरली तरी तेवढं साधेल. हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सोफा स्पीकरच्या आणखी जवळ सरकला असता आणि मला बसायला जागा उरली नसती.

नानांची एक स्वतंत्र परिभाषा आहे. आवाज ‘उघडतो’, ‘मोकळा होतो’, ‘पोटातून येतो’. नवी केबल लावल्यावर पहिल्या सुरालाच ते हात वर करतात आणि म्हणतात, “उघडला!” शेजारच्यांना वाटतं नळाला पाणी आलं. शिवाय तार ‘मुरावी’ लागते. शंभर तास वाजवल्याशिवाय तिचा खरा गुण कळत नाही, असं दुकानदार सांगतो, आणि कैरीच्या लोणच्यावर वाढलेल्या माणसाला ते लगेच पटतं. शंभर तासांमागचा हिशेब मला मात्र स्पष्ट दिसतो. रोज दोन तास ऐकलं तर पन्नास दिवस. तेवढ्यात बिल हरवतं, पाकीट रद्दीत जातं आणि कान सरावतात.

एकदा त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी लावली. मूळ रेकॉर्ड ७८ फेऱ्यांची, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. खाँसाहेब गेले १९३७ साली. कढईत जिरं तडतडावं तसा मागे आवाज, आणि त्यातून तो सूर. मी खरोखर ऐकत होतो. इतक्यात नानांनी माझा गुडघा दाबला. “ऐकलंस? तबला उजवीकडे सरकला. आधीच्या तारेत तो मध्ये होता.”

“नाना, हे मोनो आहे. डावं-उजवं असलेल्या रेकॉर्डी बाजारात यायला अजून वीस वर्षं होती.”

“रेकॉर्डिंगमध्ये नसेल,” नाना म्हणाले, “पण तबलजी कुठेतरी बसलाच असेल ना?”

तारांची खरेदी हा वेगळा सोहळा असतो. सकाळी इस्त्रीचा शर्ट, काखेत पाऊच, खिशात छोटी वही. डोंबिवलीहून फास्ट लोकलनं दादर, पूल ओलांडून वेस्टर्नवर, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. (कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. त्या नावानं पत्ता विचारलात तर तिथलेच लोक आधी तुमच्याकडे आणि मग आकाशाकडे बघतात.) मी दोनदा बरोबर गेलोय, आणि दोन्ही वेळा काउंटरवरच्या पोराचं काम बघत राहिलोय.

तो आधी नानांना स्टुलावर बसवतो. मग तीन तारा ठेवतो. पहिली टाकतो, दुसरी ठेवतो आणि तिसरी दोन्ही हातांनी मांडतो. “अंकल, ये लोकल. ये मीडियम. और ये... ये बेचने के लिए नहीं निकाला, सिर्फ आपकी जानकारी के लिए.” अडीचशे, बाराशे, साडेचार हजार. तीन भाव मांडले की बहुतेक गिऱ्हाईक मधली उचलतं. अगदी स्वस्तातली घ्यायला लाज वाटते आणि अगदी महागातली घ्यायला भीती. बाराशेची विकायची म्हणूनच साडेचार हजारांची शेजारी ठेवलेली असते. नाना त्या पोराच्या आयुष्यातला अपवाद आहेत. ते ‘जानकारीवाली’ घेतात.

बाकी हा धंदा सरळ आहे. टीव्हीवर दुकानाला फारसं सुटत नाही, कारण टीव्हीचा भाव प्रत्येक जण चार ठिकाणी मोबाइलवर बघून येतो. वायरचा भाव कुणी बघून येत नाही. मग तिथं, भिंतीवरच्या ब्रॅकेटवर, स्टॅबिलायझरवर आणि वाढीव वॉरंटीवर दुकान चालतं. गिऱ्हाइकानं साठ हजार मोजायचं मनाशी ठरवलेलं असतं, त्या भरात पुढचे दीड हजार सुट्ट्या पैशांसारखे वाटतात.

नानांशी भांडता यावं म्हणून मी या विषयाचा बराच अभ्यास केलाय. बँकेत कर्जाच्या फायली बघणाऱ्या माणसाला एरवी त्याची गरज नव्हती. एचडीएमआय केबलमधून चित्र जात नाही, शून्य आणि एक जातात. ते पोचले तर पोचले. नाही पोचले तर पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र तुटतं किंवा सगळं काळं होतं. ‘रंग जरा खुलले’ हा प्रकारच त्यात नसतो. मनीऑर्डर येते किंवा येत नाही. पोस्टमनचा गणवेश नवा कोरा आहे म्हणून शंभराचे एकशे दहा होत नाहीत. लांबी फार असेल, किंवा मोठ्या रिझोल्यूशनचा टीव्ही असेल, तर केबल तेवढा भार पेलणारी आहे ना हे बघावं. ४८ गिगाबिटवाल्या ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबलच्या पाकिटावर तपासून घ्यायला क्यूआर कोडचं लेबल असतं, तेही बघावं. संपलं. हे सगळं मी नानांना एका रविवारी सकाळी पोहे खाता खाता समजावलं. त्यांनी मान डोलावत ऐकलं, लिंबू पिळलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. पण ही कंपनीची आहे.”

सोन्याच्या मुलाम्यावर मात्र मला काकूची साथ मिळाली. विजेची सगळ्यात चांगली वाहक चांदी, तिच्यामागे तांबं, सोनं तिसऱ्या नंबरावर. सोन्याचा गुण इतकाच की ते गंजत नाही, म्हणून पिनेच्या टोकाला केसाच्याही अंशाइतका पातळ थर देतात. तेवढं ठीक. पण नानांकडे एक ऑप्टिकल केबल आहे. तोशिबानं १९८३ साली काढलेली ही पद्धत. त्या केबलमधून वीज जातच नाही, प्लॅस्टिकच्या तंतूमधून लाल उजेड जातो. तिच्याही दोन्ही टोकांना सोनेरी टोप्या! उजेडाला सोनं कशाला लागतं, असं मी विचारत असताना काकू आतून म्हणाली, “माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या लग्नातल्याच आहेत. आणि इथं वायरींना दरवर्षी दागिना.”

काकूबद्दल सांगायला हवं. ती मुंबई ग्राहक पंचायतीची जुनी सभासद. महिन्याचं सामान एकगठ्ठा येतं आणि आजूबाजूची घरं मिळून ते वाटून घेतात; काकू त्यातली हिशेब ठेवणारी. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं ती भिंग लावून वाचते. कोथिंबिरीच्या जुडीत दोन काड्या कमी निघाल्या तर भाजीवाल्याला पुढच्या आठवड्यात आठवण देते. अशा बाईच्या घरात साडेआठ हजारांची तार आणायची तर नानांना एक शून्य गाळावंच लागतं. “साडेआठशे,” असं त्यांनी सांगितलं. काकू काही बोलली नाही. मला मात्र नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, “साडेआठशेच्या वस्तूचं पाकीट कुणी शर्टाच्या आत लपवून जिना चढत नाही.”

हे काही म्हातारपणी लागलेलं वेड नव्हे. ऐंशीच्या दशकात, दिल्लीच्या एशियाडच्या निमित्तानं देशात रंगीत दूरदर्शन आलं आणि नानांकडे मात्र ब्लॅक अँड व्हाइटच होता, तेव्हा त्यांनी पडद्यावर लावायची तीनरंगी प्लॅस्टिकची काच आणली होती. वर निळी, मध्ये तांबूस, खाली हिरवी. क्रिकेटला ती छान शोभायची, निळं आकाश, हिरवं मैदान. पण बातम्या सांगणाऱ्या बाईंचे केस निळे दिसायचे. बिल्डिंगमधली आम्ही सगळी पोरं तो निळ्या केसांचा कार्यक्रम बघायला जमायचो. नाना मागे उभे राहून समाधानानं म्हणायचे, “कलर म्हणजे दुसरं काय असतं?”

मग नव्वदच्या दशकात आली म्युझिक सिस्टीम. खोक्यावर ठळक अक्षरांत २००० वॉट पीएमपीओ. त्या काळी घरोघरी हे पीएमपीओ वाजत होतं आणि ते कसं मोजायचं याचा कुठलाही ठरलेला नियम नव्हता. ज्याला जो आकडा शोभेल तो त्यानं छापायचा. सिस्टीमच्या पाठीमागे मात्र इवलीशी पट्टी होती: वीज वापर २५ वॉट. आणि नाना तर मंडळातले! पंचवीस घेऊन दोन हजार देणारं यंत्र मिळालं असतं तर कोयना बांधावीच लागली नसती. मी, तेव्हा अकरावीत, मोठ्या हुशारीनं ती पट्टी त्यांना दाखवली. नानांनी सिस्टीम हळूच परत भिंतीला टेकवली. “मागचा आकडा मीटरसाठी असतो,” ते म्हणाले, “पुढचा कानांसाठी.”

नानांच्या पलंगाखाली पत्र्याचा बिस्किटांचा एक मोठा डबा आहे. त्यात लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरी, अँटेनाची चपटी तार, कधीच बंद पडलेल्या फोनचे चार्जर. प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, वळणदार अक्षरात: ‘जुना डीव्हीडी. चालू. फेकू नये.’ ‘कशाची आठवत नाही. फेकू नये.’ माझा कुत्सितपणा त्या दुसऱ्या चिठ्ठीपाशी दरवेळी थोडा विरघळतो.

गेल्या वर्षी नानांच्या नातीनं, ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा घ्यायचं ठरवलं. मी तिला जेम्स रँडीची गोष्ट सांगितली होती. अमेरिकेतला हा जादूगार. २००७ साली सव्वासात हजार डॉलरची एक स्पीकर केबल गाजत होती. ती आणि साधी चांगली केबल यांतला फरक न बघता, केवळ कानांनी ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर न्या, असं त्यानं जाहीर केलं. बरीच पत्रापत्री झाली, परीक्षा काही झालीच नाही. नाना ऐकत होते. “त्याला म्हणावं, इथं यायचं होतं.”

तर मधल्या खोलीचा पडदा ओढला. नात पलीकडे. एक तार जांभळी, दुसरी हार्डवेअरच्या दुकानातली घरगुती वायरिंगची, दीड चौरस मिलिमीटरची; इलेक्ट्रिशियननं काम झाल्यावर टाकून दिलेला तुकडा. पाच-सहा मीटरच्या अंतराला एवढं तांबं पुरून उरतं, हे नानांना झोपेतून उठवून विचारलं तरी गणित मांडून सांगतील. दहा फेऱ्या झाल्या. नाना डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ऐकत होते. प्रत्येक वेळी थांबून, विचार करून “जांभळी” किंवा “साधी” म्हणत होते. काकू कडेला शेंगा सोलत होती. तिनंही उत्तरं मनात धरली असावीत, कारण दोनदा तिनं मान हलवली.

दहापैकी पाच. नाणं उडवलं असतं तरी साधारण तितकेच आले असते. नातीनं कागद पुढे केला आणि खोलीत एकदम शांतता झाली. मला वाईट वाटायला लागलं. कशाला केलं हे, असं झालं. नानांनी कागद उलटसुलट बघितला. मग काकूकडे वळून, आवाजात खरा आनंद भरून म्हणाले, “ऐकलंस का? निम्म्या वेळा फरक ओळखला! या वयात!”

त्या रात्री मी तिथंच राहिलो. जेवणं झाल्यावर नानांनी जांभळी तार परत लावली, चळती सरळ केल्या, दिवा बारीक केला. मोबाइल आतल्या खोलीत. मग साडेनऊ ते अकरा दोघं बोलले नाहीत. काकू शेंगांची टोपली मांडीवर घेऊन तशीच बसली होती, हात थांबलेले. हे रोजचं नाही, असं तिनंच सांगितलं. नवी तार आली की आठवडाभर चालतं, मग पुन्हा मालिका सुरू. मी मनातल्या मनात वर्षाच्या तारांचा खर्च त्या रात्रींनी भागून बघितला. नाटकाच्या दोन तिकिटांपेक्षा फार जास्त येत नव्हता.

आता शेवटचं. सांगू नये असं आहे, पण सांगतो.

यंदा मी टीव्ही घेतला. ठाण्यातलं मोठं शोरूम. दोन टीव्ही शेजारी शेजारी लावलेले. एकावर पोपट, धबधबा, पाण्यात पसरणारा रंग, आणि दुसऱ्यावर मळकट बातम्या. खाली पाटी: फरक केबलचा. मी मनात हसलो. एकाला खास चित्रण जोडलंय, दुसऱ्याला साधं चॅनल. एकाचं पिक्चर सेटिंग भडक करून ठेवलंय. सगळं मला दिसत होतं. बायकोलाही हळू आवाजात समजावलं. वाढीव वॉरंटी नाकारली, स्टॅबिलायझर नाकारला. बिलाच्या काउंटरवर पोरानं तीन केबल ठेवल्या. मी अडीचशेच्या केबलकडे हात नेला. तो आदबीनं म्हणाला, “सर, साठ हजारांच्या टीव्हीला ही?”

मागे रांग होती. रांगेतल्या एका गृहस्थांनी माझ्या हाताकडे बघितलं.

“मधली द्या,” मी म्हणालो. चौदाशे नव्व्याण्णव. रिक्षात बसल्या बसल्या नखानं तिच्यावरचं किमतीचं स्टिकर खरवडून काढलं.

पुढच्या रविवारी नाना टीव्ही बघायला आले. सोफ्यावर न बसता थेट मागे गेले, केबल बोटांत धरली, जरा वाकवली. “ही कुठली?”

“सेट-टॉप बॉक्सबरोबर आली,” मी म्हणालो.

नाना पुढे येऊन बसले. दहा मिनिटं पडद्याकडे बघत राहिले. रात्रीचा देखावा होता. मग माझ्या पाठीवर हात ठेवून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, “तरीच. फुकटची तार लपत नाही रे. काळा बघ, तो काळा नाहीच. दिवाळीला चांगली आणून देतो, तोवर भागव.”

बायको माझ्याकडे बघत होती. मी पडद्याकडे. काळा खरंच जरा राखाडी वाटत होता.